मूर्तीचा डोळा आणि मजुराचा डोळा

१/ १९२१ साली अमेरिकेत ‘द होप डायमंड मिस्टरी’ ही पंधरा भागांची मूक चित्रमालिका पडद्यावर आली. विषय होता निळा होप हिरा आणि त्याचा शाप. पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’मुळे जगप्रसिद्ध झालेला बोरिस कार्लोफ तीत भारतीय पात्राच्या वेषात दिसला. हिऱ्याच्या कीर्तीत या शापकथेने भर घातली. त्याच्या इतिहासावर मात तिने अन्यायच केला.

२/ दंतकथा अशी : फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने देवमूर्तीच्या डोळ्यातून हा हिरा काढला, देव कोपला, आणि ताव्हेर्नियेला जंगली कुत्र्यांनी फाडून खाल्ले. वस्तुतः तो १६८९ साली मॉस्कोत वारला. तेव्हा त्याने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. शापग्रस्ताला इतके दीर्घायुष्य क्वचितच लाभते!

३/ हिऱ्याचा खरा प्रवास असा : बहुधा कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला हा सुमारे ११५ कॅरेटचा हिरा ताव्हेर्नियेने १६६८ मध्ये चौदाव्या लुईला विकला. १६७३ मध्ये त्याला नवे पैलू पाडले गेले. १७९२ च्या क्रांतिकाळात पॅरिसच्या राजकोषातून तो चोरीस गेला. पुन्हा कापलेल्या रूपात तो लंडनला प्रकटला आणि १८३९ पर्यंत होप घराण्याच्या संग्रहात पोहोचला.

४/ मग शाप आला कुठून? चित्रमालिकेमागची कथा मे योही या अभिनेत्रीची. ती लॉर्ड फ्रान्सिस होपची घटस्फोटित पत्नी. जुगार आणि उधळपट्टीने कर्जबाजारी झालेल्या या लॉर्डने १९०१ साली हिरा विकून टाकला. स्वतःच्या व्यसनापेक्षा दूरदेशीच्या देवाला दोष देणे केव्हाही सोयीचे. १९११ मध्ये पिएर कार्तिए यानेही याच कथांना तिखटमीठ लावून एव्हलिन मॅक्लीन या धनाढ्य गिऱ्हाइकाला हिरा विकला. शापाने कोणाचे नुकसान केले हे सांगता येत नाही. जवाहिऱ्याचा नफा मात्र झाला.

५/ या साऱ्यात हिरा ज्यांच्या हातून निघाला ते लोक गेले कुठे? पडद्यावरचा भारत म्हणजे देऊळ, मूर्ती आणि सूडाने पेटलेला पुजारी. फावडे, टोपली, घाम यांना तिथे जागा नाही.

६/ ज्या ताव्हेर्नियेला दंतकथेने चोर ठरवले, त्याच्याच प्रवासवर्णनात ही माणसे भेटतात. कोल्लूरला सुमारे ६०,००० माणसे राबत असल्याचे तो सांगतो : पुरुष खणत, बायका आणि मुले माती वाहत. रामल्लकोट येथील खाणीतल्या कसबी मजुराची कमाई तो नोंदवतो, वर्षाला अवघे तीन होन.

७/ तिथलाच एक प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. एका मजुराने जेमतेम दोन कॅरेटचा खडा डोळ्याच्या कोपऱ्यात लपवला होता. तो पकडला गेला आणि खडा काढून घेण्यात आला. मूर्तीच्या डोळ्यातला हिरा कल्पित आहे. मजुराच्या डोळ्यातला खडा एका प्रवाशाने नोंदवलेला आहे. तरीही जगाला पहिलाच ठाऊक आहे.

८/ यावर कोणी म्हणेल, करमणुकीकडून इतिहासाची अपेक्षा कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु ती चित्रमालिका विस्मरणात गेली, तरी शाप जिवंत आहे. तो भारतीय वाचकालाही सुखावतो : जणू आपल्या देवाने परस्पर न्याय केला! न्याय देवावर सोपवला की राबणाऱ्यांना काय मिळाले, नफा कोणाच्या खिशात गेला, हे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. पाश्चात्त्य प्रेक्षकाला भीतीची मौज हवी होती आणि येथील वाचकाला सूडाचे समाधान. दोघांनीही मजुराकडे पाठ फिरवली.

९/ १९५८ साली हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने हा हिरा साध्या नोंदणीकृत टपालाने स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवला. आज काचेआड ४५.५२ कॅरेटचा तो निळा खडा शांतपणे चमकतो. कुठल्याही प्रसिद्ध रत्नाची कथा ऐकताना तरुण अभ्यासकाने ‘हे कोणाला बाधले?’ असे विचारण्याआधी ‘हे कोणी खणले आणि त्याला किती मिळाले?’ असे विचारावे. या रत्नाच्या बाबतीत उत्तराची सुरुवात तीन होनांपासून होते.