सार्थ वेचे हवेत

जुनी ख्रिस्ती भक्तिपर पुस्तके पुन्हा छापावीत, याविषयी सहसा कोणी दुमत दाखवीत नाही. मतभेद होतो तो पुढच्या पायरीवर. कोणी म्हणतो, आजच्या मुलांस जुनी भाषा कळत नाही, सबब ती बदलून सोपी करावी. कोणी म्हणतो, पूर्वजांच्या अक्षरास हात लावू नये. वाचणारा वाचील, न वाचणारा न वाचो. पहिल्या रीतीने पुस्तक खपते, पण ते जुने राहत नाही. दुसऱ्या रीतीने ते जुने राहते, पण फडताळातच राहते. आमचे मत असे की, लिपी, पदच्छेद व छपाई ही वाचकाच्या सोयीची असावी. शब्द मात्र ग्रंथकाराचेच ठेवावेत, आणि त्यांचा अर्थ त्याच पानावर खाली द्यावा. या मताला आधार ख्रिस्तपुराणाच्या इतिहासाचा आहे. तो आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसल्यास येथे थोडक्यात सांगतो.

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघी धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आले व १६१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे आयुष्य तिकडेच गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती व त्यांच्या जागी वाचावयास-गावयास काही उरले नव्हते. ही उणीव ओळखून त्यांनी ओवीछंदात सुमारे ११,००० ओव्यांचे पुराण रचिले. त्याचे भाग दोन. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची जुन्या करारातील कथा आहे, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र. १६१६ साली राचोल येथे हा ग्रंथ छापला गेला आणि पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. गोव्याच्या छापखान्यात मराठी अक्षरांचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकाराने देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढिला. यानंतर ग्रंथ छापला गेला तो एकदम १९०७ साली, मंगळूर येथे, जोसेफ सालढाणा यांच्या खटपटीने. आणि तोही रोमन अक्षरांतच. मधल्या २५३ वर्षांत तो जगला तो हातांनी केलेल्या नकलांवर आणि देवळांत व घरांत गाणाऱ्यांच्या गळ्यांवर.

देवनागरीत हे पुराण प्रथम छापून आले ते १९५६ साली, पुण्यास, शांताराम बंडेलू यांच्या हातून. म्हणजे मराठीत रचिलेला ग्रंथ मराठी अक्षरांत छापून वाचकाच्या हाती पडावयास ३४० वर्षे लागली! शब्द न बदलता लिपी तेवढी बदलली, तरी केवढे काम होते, याचा विचार करावा. कारण कुलूप होते ते लिपीचेच.

असली कुलुपे आमच्या प्रांतास नवी नाहीत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत झाकून ठेविले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ती उकलली, तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. आपल्या बीड जिल्ह्याचेच पाहावे. तेलगावाहून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा विवेकसिंधू परंपरेने शके १११० चा मानला जातो. त्याच गावी दासोपंतांनी लांबच लांब खादीच्या कापडावर ओव्या लिहिल्या, ती पासोडी प्रसिद्धच आहे. सहलीस गेलेली आमची मुले ती नावे ऐकून येतात. कापडावरील अक्षर डोळ्यांनी पाहता येते, पण वाचता येते ते कोणी तरी बसून उतरून काढिले, पदे तोडिली, अर्थ लाविला म्हणून. ख्रिस्ती ग्रंथांसाठी हे बसणे आपण करावयास नको काय?

आता शब्दांविषयी. स्टीफन्स यांनी स्वर्गास वैकुंठ म्हटले आहे. आजचा एखादा उत्साही संपादक तेथे स्वर्ग हा शब्द घालून मोकळा होईल व वाचकाची सोय केली असे समजेल. परंतु त्या एका शब्दात तो ग्रंथ कोणासाठी रचिला गेला, कोणत्या ऐकण्यावर पोसलेल्या कानांसाठी रचिला गेला, हे सारे साठविले आहे. शब्द काढिला की पुराणातील ऐकणारा माणूसच काढून टाकला जातो. लंडनच्या एका संग्रहात या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत सापडली आहे; तीत रोमन प्रतीतील पोर्तुगीज शब्दांच्या जागी पुष्कळ ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. तेव्हा शब्दांची ही अदलाबदल आजची नव्हे. म्हणूनच आपण कोणती प्रत धरून छापतो, हे संपादकाने पहिल्याच पानावर सांगितले पाहिजे.

कोणी विचारील, मग मुलांनी वाचावे कसे? याचे उत्तर आपल्या शेजारच्या घरात आहे. वारकरी कुटुंबात सार्थ ज्ञानेश्वरी असते. वर ओवी, खाली अर्थ. ज्ञानदेवांची ओवी बदलून आजच्या बोलीत आणावी, असे त्या घरातील आजीस कोणी सुचविले तर ती काय म्हणेल, हे सांगावयास नको. तिला स्वतःला सगळे शब्द कळतात असेही नाही. अर्थ खाली आहे, तेवढा तिला पुरतो, आणि ओवी तोंडी बसते ती मूळचीच. आम्हांस हवे आहे ते हेच.

विद्वानांनी आपला वाटा उचलला आहे. १९९६ साली मुंबईहून पुराणाची आणखी एक देवनागरी आवृत्ती निघाली. २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठी गद्यात अर्थ लावून ते प्रसिद्ध केले. हे ग्रंथ मोठे आहेत व मोठेच असावयाचे. परंतु आठवीच्या मुलापुढे ११,००० ओव्या ठेवल्या तर तो पाठ फिरवील, आणि त्यात त्याचा दोष नाही. मराठीच्या थोरवीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या चार ओव्या सगळ्यांस ठाऊक असतात. त्यापुढे काय आहे म्हणून विचारावे तर शिक्षकही इकडेतिकडे पाहतात. म्हणून दोनशे ओव्यांचे, मोठ्या टाइपाचे, स्वस्त, सार्थ वेच्यांचे पुस्तक निघावे. नाताळात व पवित्र सप्ताहात ते घरात मोठ्याने वाचता यावे, एवढी त्याची योग्यता पुरे.

रे. नारायण वामन टिळकांच्या लेखनाची गोष्ट निराळी आहे. त्यांची गीते मंडळ्यांतून रोज गाइली जातात, त्यामुळे ती विसरली जाण्याची भीती नाही. भीती आहे ती बिघडण्याची. टिळक १९१९ साली वारले. आपल्याकडील कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन कोणासही छापता येते, आणि तशी मोकळीक असणे चांगलेच. परंतु त्या मोकळिकीत कोणी जुन्या पानाचे छायाचित्र घेतो, यंत्राकडून अक्षरे वाचवितो आणि तपासल्यावाचून छापतो. यंत्र जोडाक्षरात चुकते, मात्रा गाळते. गाणारा ताल सांभाळण्यासाठी त्या जागी स्वतःचा शब्द घालतो. आणि दहा वर्षांनी तोच खरा ठरतो. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय लिहून पुरे केले. ज्या बाईने लग्नानंतर अक्षरे गिरविली, तिने नवऱ्याच्या ओळीला ओळ जोडली. तिचे अक्षर तपासण्याचा कंटाळा आपण करावा, हे आम्हांस शोभत नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. जुन्या ख्रिस्ती लेखनात, विशेषतः एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांत, इतर धर्मांविषयी कठोर शब्द आहेत. आमच्या शाळेत सर्व समाजांची मुले शिकतात व हे पृष्ठ त्यांचे आईवडीलही वाचतात. संपूर्ण आवृत्तीतून तो मजकूर गुपचूप गाळावा, हे आम्हांस मान्य नाही. ते इतिहास खोटा करणे होय. तेथे तो राहावा व काळाचा संदर्भ टिपेत द्यावा. मुलांच्या वेच्यांत मात्र जे भक्तीचे आहे तेच घ्यावे, वादाचे घेऊ नये, आणि हे निवडलेले वेचे आहेत असे मुखपृष्ठावरच स्पष्ट लिहावे.

पालकांस आमची एक विनंती आहे. दिवाळीची वा नाताळची झाडलोट करताना माळ्यावरील पेटीत जुने गीतपुस्तक, एखादी पत्रिका, ज्ञानोदयाचे सुटे अंक निघतात. ज्ञानोदय १८४२ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, सुरू झाला. त्यामुळे त्या बाजूस नातेवाईक असलेल्या घरांत असे कागद असण्याचा संभव अधिक. पाने सुटली आहेत, वाळवी लागली आहे, म्हणून ते रद्दीत घालू नयेत. कोऱ्या पानावर आजोबांनी जन्माच्या व बाप्तिस्म्याच्या तारखा लिहिल्या असतील तर ते पान अगोदर जपावे. पुस्तक फडक्यात गुंडाळून मुलाबरोबर शाळेत पाठवावे. त्यावर घराचे नाव लिहून ठेवू, दहावीची मुले त्याच्या पानांची छायाचित्रे घेतील, आणि आठ दिवसांत ते आल्या फडक्यात परत येईल.