जीपीएस असतं तर पारुळकर निसटले असते का?

ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर गेले, तेव्हा त्यांच्या पलायनाची गोष्ट पुन्हा सगळीकडे फिरली. बहुतेकांनी धाडसावर लिहिलं. मी मात्र नकाशापाशीच अडकलो.

१० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ हे लढाऊ-बॉम्बफेकी विमान पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या साथीदारांसोबत रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत फोडून ते निसटले. बसने पेशावर, पुढे खैबर खिंड, आणि त्यापलीकडे अफगाणिस्तान. नकाशात सीमेलगतचं शेवटचं स्टेशन होतं लंडी खाना. लंडी कोतलला पोचल्यावर तिघांनी तिकडे कसं जायचं ते विचारलं. पण तिथली रेल्वे १९३२ मध्येच बंद झालेली! चाळीस वर्षं बंद असलेल्या स्टेशनचा पत्ता कोण विचारतं? संशय आला, पकडले गेले. सीमा अवघ्या काही मैलांवर होती.

आता जीपीएस. सॅटेलाइटच्या सिग्नलवरून फोन फक्त आपली जागा काढतो. त्याला नेटही लागत नाही. स्टेशन चालू की बंद, हे नकाशाच्या डेटात असतं, आणि तो कोणीतरी अपडेट करावा लागतो. म्हणजे निळा ठिपका अचूक, तरी लंडी खाना चुकीचंच! हां, रस्ता विचारायची वेळ आली नसती, हा फायदा मोठाच.

ट्रेकसाठी ऑफलाइन मॅप घेतलाय ना? शेवटचा अपडेट कधीचा आहे, तेवढं बघा.