मुलीला शिबिराला पाठवू का?

गेल्या रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला शोधत होतो, तेवढ्यात ओळखीचे एक गृहस्थ बाजूला आले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. मुलगी बी.ए. होऊन यंदा एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला गेली आहे. त्यांच्या घराण्यात पदवीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, "जयभीम ताई. हे बघा, कॉलेजचं पत्र आलंय. दहा दिवस कुठल्याशा खेड्यात राहायचं. मुलं-मुली सगळी एकत्र. वर अडीच हजार भरायचे. आणि तिथं करणार काय, तर स्वयंपाक आणि झाडलोट! अहो, आमच्या घरात ते काय कमी आहे? त्यासाठी का एवढी शिकवली?"

प्रश्न रास्त होता. अडीच हजार म्हणजे त्यांच्या घरचा महिन्याचा किराणा. विहाराच्या पायरीवर बसून आम्ही त्यांना जे सांगितले, तेच आज लिहीत आहोत. हाच प्रश्न आणखी कितीतरी घरांत निघत असेल.

हे सदर आम्ही दोघी मिळून लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. आमची मैत्री कशी झाली हे मात्र आजवर लिहिले नव्हते. ती अशाच एका शिबिरात झाली.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण आपल्या देशात १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाची ती संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. आज हा अभ्यासक्रम अनेक ठिकाणी चालतो. त्यात पुस्तकांच्या जोडीला क्षेत्रकार्य असते आणि क्षेत्रकार्यातच हे ग्रामीण शिबिर येते. ती सहल नव्हे. तिला हजेरी लागते, तिचे गुण असतात.

आमचे शिबिर १९९६ च्या डिसेंबरात झाले. आम्ही एकूण चौतीस जण होतो. जूनपासून एका वर्गात बसत होतो, परंतु ओळख म्हणाल तर नावापुरती. इंग्रजी शाळांतून आलेल्या मुली खिडकीकडच्या बाकांवर, मराठवाड्यातून आलेली मुले मागे, आणि बाकीचे मधे. तास सुटला की ज्याची त्याची लोकल. आम्ही दोघी, एक वरळीच्या बीडीडी चाळीतली आणि एक चेंबूरच्या वस्तीतली, मधल्या बाकांवर बसायचो, पण एकमेकींपासून लांब.

लांब का, ते सांगायला आज संकोच वाटत नाही. आमची दोघींची आडनावे अशी की ती कोणत्याही समाजात सापडतात. कोणी विचारले तर गावाचे नाव सांगायचे आणि विषय बदलायचा, हे दोघींनीही आपापल्या परीने शिकून ठेवले होते. दोघींनाही एकमेकींचा अंदाज होता. परंतु जवळ आलो, बरोबर डबा खाल्ला, तर बाकीच्यांना उमगेल अशी भीती! म्हणून सहा महिने आम्ही एकमेकींना टाळले. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला रोज हार, आणि बाहेर हे असे.

कसाऱ्याची लोकल पकडून आम्ही खर्डीला उतरलो आणि तिथून जीपने गावात गेलो. शहापूर तालुका. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबई पिते आहे. आणि त्याच तालुक्यातल्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. चाळीत नळावर भांडून वाढलेल्या आम्हाला हे त्या दिवशी प्रथम कळले.

मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिल्याच संध्याकाळी सरांनी समित्या पाडल्या: भोजन, पाणी, स्वच्छता, कार्यक्रम, हिशेब. ज्यांची आधीपासून गट्टी होती त्यांना मुद्दाम वेगळे केले. आम्हा दोघींची गट्टी नव्हती, म्हणून आम्ही नेमक्या एकाच समितीत आलो, तीही भोजनाच्या. सोबत पुण्याच्या पेठेतली एक मुलगी, वांद्र्याची एक ख्रिस्ती मुलगी आणि लातूरकडचा एक मुलगा. लाकडे ओली होती. चूल पेटेना. पहिल्या रात्री चौतीस माणसांचा भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. लातूरच्या मुलाने जन्मात भांडे घासले नव्हते. राख कुठली घ्यायची हेही त्याला सांगावे लागले. वांद्र्याच्या मुलीला धुराने इतके पाणी आले की गावातल्या बाया तिला समजवायला धावल्या.

सगळ्यांचे सोंग उतरायला दोन दिवस पुरतात. गोणपाटाच्या आडोशाला जायचे, बादलीभर पाण्यात दोघींनी अंघोळ उरकायची, सतरंजीवर ओळीने झोपायचे आणि थंडीने कुडकुडत शेजारणीचे पांघरूण ओढायचे. पहाटे चारला कोण घोरते आणि कोण उशीत तोंड खुपसून रडते, हे वर्गाच्या बाकावर कसे कळणार?

तिसऱ्या दिवशी गावनकाशा होता. गावकऱ्यांना शाळेच्या अंगणात बोलवायचे आणि त्यांच्याच हाताने रांगोळीने जमिनीवर गाव काढून घ्यायचे, अशी ती रीत. पुरुष मंडळी उत्साहाने बसली. देऊळ आले, शाळा आली, पाटलांचा वाडा, ग्रामपंचायत, विहीर, नाला, भातखाचरे, सगळे आले. दोन तास गेले. सरांनी विचारले, "झालं का पूर्ण?" गावकरी म्हणाले, झालं. आमचे वर्गमित्रही म्हणाले, झालं.

झाले नव्हते. येताना जीपमधून रस्त्याच्या वळणावर आम्ही निळा झेंडा पाहिला होता. पंधरा-वीस घरे होती. पलीकडे नाल्याच्या काठाला कातकऱ्यांच्या झोपड्या होत्या. नकाशात दोन्ही नव्हत्या.

बोलावे की गप्प बसावे? ही घरे आपल्याला का दिसली, असे कोणी विचारले तर? आमच्यातली एक खाली वाकली आणि तिने रांगोळीची पुडी उचलली. हात कापत होता. वळणाचा रस्ता काढून ती थांबली. तेवढ्यात दुसरी निळा रंग घेऊन शेजारी येऊन बसली. एकमेकींकडे न पाहता आम्ही घरे काढली, एकेक करून. मग झोपड्या. अंगणात कोणी बोलत नव्हते. एक म्हातारे गावकरी एवढेच म्हणाले, "ते व्हय, ते तर हायेतच की."

रात्री कंदिलाभोवती रोजची बैठक बसली. सरांनी साधाच प्रश्न केला, "तुम्हाला दोघींनाच कसं दिसलं?" आम्ही सांगितले. सहा महिन्यांचे सगळे सांगितले, एकमेकींना टाळल्याचेसुद्धा. ऐकणाऱ्यांपैकी काहींचे डोळे भरले. खरे सांगायचे तर त्या रडण्याने आम्हाला थोडा रागच आला. आम्ही रडत नव्हतो, मग त्या का? एक मुलगा म्हणाला, "शिकायला आलोय, इथे कशाला हे आणायचं?" त्याच्याशी तासभर वाद झाला आणि त्याचे मत काही बदलले नाही. पुण्याची मुलगी मात्र गप्प होती. झोपायच्या वेळी ती आमच्याकडे सतरंजी ओढून म्हणाली, "मी पहिल्याच आठवड्यात तुमची आडनावं घरी सांगून विचारलं होतं, की हे कोण लोक. मला लाज वाटते." उत्तर काय द्यावे हे आम्हाला सुचले नाही. तिघी एका पांघरुणात झोपलो.

पुढचे दिवस भरभर गेले. बौद्धवाडीत घरोघरच्या पाहणीला गेलो तेव्हा एका आजीने नाचणीची भाकरी आणि सुकट पुढे ठेवली. पुण्याची मुलगी शाकाहारी. तिने भाकरीला मिरचीचा ठेचा लावून खाल्ला आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढीत पुन्हा मागितला. नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. वाद घालणारा तो मुलगा सर्वांत जास्त गोण्या वाहत होता, हेही नोंदवले पाहिजे. आठव्या रात्री आमच्यातल्या एकीला ताप भरला, तेव्हा कपाळावर ओल्या घड्या ठेवत वांद्र्याची मुलगी पहाटेपर्यंत जागली.

बाबासाहेबांचे शिक्षण म्हटले की आपल्याला अठरा-अठरा तासांचा अभ्यास आणि ग्रंथालय आठवते. त्यांच्या वसतिगृहाची आठवण कोणी काढत नाही. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहू लागले. तेथे नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती होता. पुढे १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पाच हजार रुपये उसने दिले ते याच भथेनांनी. आणि मधे, १९१७ साली, बडोद्यात काय झाले? राहायला जागा मिळेना म्हणून बाबासाहेब पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरले, आणि दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढायला आले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. समाज तोच. एक जण त्यांच्यासोबत राहिला होता, दुसऱ्यांनी त्यांची फक्त जात ऐकली होती.

ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या असतात, त्यांना अर्ज कुठे करायचा, मुलाखतीला काय विचारतात, हे काका-मामा सांगतात. आमचे काका-मामा गिरणीत होते, आणि १९८२ च्या संपानंतर तेही घरी बसले. आमच्यातल्या एकीला पहिल्या नोकरीची जाहिरात वांद्र्याच्या मैत्रिणीने कापून पोस्टाने पाठवली. दुसरीचे वडील के.ई.एम.मध्ये होते तेव्हा रक्त द्यायला लातूरचा तो भांडी न घासणारा मित्र रात्रीच्या गाडीने आला. पुण्याच्या मैत्रिणीने पुढे तिच्या घरच्यांशी बरेच सोसले. ते तिचे आहे, इथे लिहिणार नाही. वाद घालणारा आजही वर्षातून एकदा भेटतो, श्रीखंड आणतो आणि त्या रात्रीविषयी चकार शब्द काढत नाही. चौतीस जणांत असे जिवाभावाचे चार-पाचच. बाकीचे मोबाइलच्या गटावर "सुप्रभात" पाठवतात.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही म्हटले, पैसे भरा. एकदम जमत नसतील तर कॉलेजात भेटून दोन हप्त्यांत मागा. संकोच करू नका. मुली कुठे झोपणार, सोबत बाई शिक्षिका आहेत का, जवळचा दवाखाना कोणता, हे विचारण्याचा बापाला हक्क आहे आणि ते विचाराच. पोरीजवळ बॅटरी द्या, जाड सतरंजी द्या, डासांचे मलम द्या. पाळीचे सामान आईने आठवणीने बांधावे, खेड्यातल्या दुकानावर विसंबू नये. चटणी एकटीपुरती देऊ नका, चांगली बरणीभर द्या.

ते मान हलवत गेले. बुधवारी संध्याकाळी मुलगीच घरी आली. पैसे भरले म्हणाली. आम्ही तिला चहा दिला आणि जरा घसा खाकरून, आमची ती सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, की बाई, तिथे कोणी आडनाव विचारले तर घाबरू नकोस. ती हसायलाच लागली. मोबाइल पालथा करून तिने आमच्यापुढे धरला; पाठीवर बाबासाहेब. "ताई, हे सगळ्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलंय. ज्याला बोलायचं तो बोलतो, ज्याला नाही तो नाही." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "ते राहू द्या. मला भोजन समितीत टाकलंय आणि आमच्याकडे मी जन्मल्यापासून गॅस आहे. ओली लाकडं पेटवतात कशी, तेवढं सांगा."