वामनदादा कर्डक : प्रचाराच्या शिक्क्यापलीकडचा कवी

नाशिक जिल्ह्यातील देशवंडी (तालुका सिन्नर) येथे 15 ऑगस्ट 1922 रोजी जन्मलेले आणि 15 मे 2004 रोजी नाशिक येथे निधन पावलेले लोककवी वामनदादा कर्डक यांच्या गीतांवर दोन आक्षेप घेतले जातात : त्यांच्या चाली उसन्या आहेत, आणि ती प्रचारासाठी रचलेली असल्याने त्यांना काव्य म्हणता येत नाही. हे दोन्ही आक्षेप तपासणीत टिकत नाहीत.

3 मे 1943 रोजी मुंबईत रचलेले त्यांचे पहिले गीत एका हिंदी गाण्याचे विडंबन होते, हे खरे आहे. परंतु कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ (1911) या नाटकातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी बंदिशींच्या आधारे चाली दिल्या, म्हणून खाडिलकरांच्या पदांना कोणी हिणवत नाही, आणि अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांच्या 1940 मधील ‘धिस लँड इज युअर लँड’ या गीताची चालही जुन्या गाण्यावरून घेतलेली असताना तेथे त्याचा गौरवच होतो. वामनदादांच्या गायन पार्टीला, म्हणजे पेटी, ढोलकी व कोरस घेऊन वस्त्यावस्त्यांतून गाणाऱ्या संचाला, परिचित चाल आवश्यकच होती; कारण वाचन न येणाऱ्या श्रोत्याच्या कानात चाल आधीच बसलेली असली, की त्याचे सारे लक्ष नव्या शब्दांकडे लागे. स्वतः प्रौढपणी अक्षरे गिरवलेल्या या कवीला ही गरज पुरती ठाऊक होती.

दुसरा आक्षेप मान्य केल्यास भक्तिप्रसारासाठी रचलेले संतांचे अभंगही काव्याबाहेर काढावे लागतील. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा काळाराम मंदिर सत्याग्रह (1930) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची येवल्याची धर्मांतर घोषणा (1935) ज्या नाशिक जिल्ह्यात घडली, तेथेच भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा, म्हणजे तमाशाच्या घाटातून प्रबोधन करणारा प्रयोग, उभा राहिला. वामनदादांची गीते याच परंपरेतील असली, तरी ती बाबासाहेबांच्या स्तुतीपुरती उरत नाहीत. उद्योगपतींची नावे घेऊन देशाच्या धनातील कष्टकऱ्यांचा वाटा मागणारे त्यांचे गीत ध्रुपदातच, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीतच, प्रश्न ठेवते, आणि कोरसने तो प्रत्येक कडव्यानंतर उचलला, की एका कवीचा प्रश्न समूहाची मागणी होतो. आशयाला असा अचूक घाट देणे हेच कवीचे काम होय.

म्हणून ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांपुरते न ठेवता मराठीच्या वर्गात छंद, यमक व रचनेच्या अंगाने शिकवले जावेत, आणि गायकांच्या तोंडी असलेले पाठ जमवून त्यांच्या गीतांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध व्हावी. संतकाव्याला लावलेली कसोटी या काव्याला नाकारण्याचे कोणतेही वाङ्मयीन कारण नाही.