मुलाचे हेल्मेट कधी बदलावे?



बियाण्याची पिशवी घेताना आपण तिच्यावरची तारीख पाहतो. विहिरीत उतरण्याआधी दोर ओढून बघतो. तीच नजर आज मुलांच्या हेल्मेटकडे वळवावयाची आहे.

वस्तीवरून शाळेला, बाजाराला मुले मोटारसायकलवर बसून जातात. वाट पाणंदीची, चाकोऱ्यांची, पावसाळ्यात चिखलाची. "रस्ता आपलाच, गाडी हळू चालवतो," म्हणून हेल्मेट खुंटीवरच राहते. पण गाडी हळू असली तरी घसरल्यावर डोके दगडावर आपटायचे ते आपटतेच. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट आवश्यक झाले. २०२२ च्या नियमाने नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा घातली.

हेल्मेटमध्ये वरच्या कवचाइतकेच मोलाचे काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. डोके आपटले की तो दबतो आणि धक्का स्वतःवर घेतो. मात्र एकदा दबलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि वरून ओरखडाही न दिसता तो आतून निकामी झालेला असू शकतो. म्हणून पुढील गोष्टी तपासाव्या :

१. डोक्यावर असताना जोराचा मार बसला असेल, तर हेल्मेट बदलावेच. रिकामे हातातून पडले असेल, तर नीट पाहावे.

२. कवचाला तडा, आतल्या थराला खळगा, विरलेला पट्टा किंवा न बसणारी कडी दिसली, तर ते बाद समजावे.

३. दर सहा महिन्यांनी माप पाहावे. भुवयांच्या थोडे वर, कानांच्या वरून टेप फिरवावी. पट्टा बांधून हेल्मेट हलवल्यास कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे. कपाळावर वळ उठून मूल "दुखते" म्हणू लागले, तर ते लहान झाले. मागून उचलताच पुढे निघून आले, तर ते मोठे आहे.

४. आतील चिठ्ठीवर बनविल्याचा महिना व वर्ष पाहावे. मार बसला नसला तरी साधारण पाच वर्षांनी बदलणे बरे.

थोरल्याचे कपडे, पुस्तके धाकट्याला खुशाल द्यावीत. हेल्मेट मात्र या चार कसोट्यांना उतरले तरच द्यावे. बापाचे हेल्मेट फडके कोंबून मुलाला घालू नये; ते सैल असते आणि कोवळ्या मानेला जडही होते.

पेट्रोल, रॉकेल, थिनर यांनी आतला थर खराब होतो. म्हणून हेल्मेट साबणाच्या पाण्यानेच पुसावे. ते फवारणीच्या औषधांच्या खोलीत किंवा उन्हात पत्र्यावर ठेवू नये. नवे घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहावे. १ जून २०२१ पासून हे चिन्ह सक्तीचे आहे.

बाद हेल्मेटचा पट्टा कापून टाकावा, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर जाणार नाही. कोंबडीला अंडी घालायला ते चांगले!

आज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी खुंटीवरचे हेल्मेट उतरवा, मुलाला जवळ बोलवा आणि टेप घेऊन बसा. पाच मिनिटांचेच काम आहे.