पडत्या चेंडूचा हिशेब

कर्जत-खालापूरकरांना गुरुत्वाकर्षणाची ओळख करून द्यायला नको. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला जोडली जाणारी जादा इंजिनं आपण लहानपणापासून पाहतो. खोपोलीचं वीजघर तर १९१५ पासून घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या पाण्यावर चालतं. तरीही आपली मुलं गुरुत्वीय त्वरणाचा ९.८ हा आकडा पाठ करतात, मोजत नाहीत, याची आम्हाला खंत वाटते. आता मोबाइल हाताशी आहे आणि स्प्रेडशीट फुकट मिळते. म्हणून हा अंक मोजण्याचा.

प्रयोग साधाच निवडलाय. भिंतीला मोजपट्टी, शेजारून सोडलेला चेंडू, सेकंदाला ३० चौकटींचं चित्रण. स्टॉपवॉच मुद्दाम टाळलं. दोन मीटरचं पडणं ०.६४ सेकंदात संपतं, बटण दाबायला झालेला किंचित उशीरही उत्तर बिघडवतो. दर तिसरी चौकट म्हणजे ०.१ सेकंद. आदर्श अंतरं येतात ४.९, १९.६, ४४.१, ७८.४ सेंटीमीटर. पुढच्या रकान्यात लागोपाठच्या अंतरांची वजाबाकी करा, त्यापुढे त्या वजाबाक्यांची वजाबाकी. दरवेळी ९.८! शंभरानं गुणलं की ९८० सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजेच पाठ केलेले ९.८ मीटर.

तुमचे आकडे मात्र हेलकावतील, कारण वाचनातली दोन-तीन मिलिमीटरची चूक वजाबाकीत वाढत जाते. अशा वेळी आलेख कामी येतो: आडव्या अक्षावर वेळेचा वर्ग, उभ्यावर अंतर, आणि रेषेच्या चढाची दुप्पट म्हणजे गुरुत्वीय त्वरण.

प्रयोग करून पाहा, तक्ते आम्हाला पाठवा. न जुळलेले आकडे खोडू नका, तेही हवेत.