डहाणू-तलासरीचे डोंगर एवढे छोटे, मग त्यांची चर्चा एवढी का?

मुंबई-अहमदाबाद हायवेने गुजरातकडे जाताना चारोटीनंतर महालक्ष्मीचा सुळका दिसतो. पुढे तलासरी, मग अच्छाडचा नाका आणि राज्य संपतं. डोंगर मात्र तिथे संपत नाहीत.

हे डोंगर नेमके कसे आहेत?

सह्याद्रीची मुख्य रांग आणि समुद्र यांच्यामध्ये हे ठेंगणे, बेसॉल्टचे डोंगर पसरलेत. त्यातला उंच म्हणावा असा गंभीरगडही सव्वादोन हजार फुटांच्या आसपास. जंगल पानगळीचं: साग, ऐन, खैर, मोह, पळस, बांबू. उन्हाळ्यात उजाड दिसणारे हे डोंगर पहिल्या पावसात हिरवे होतात. वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांचं सरपण, मोहाची फुलं, रानभाज्या इथूनच येतात.

सीमा कधी आखली गेली?

1960 मध्ये. तोपर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्याचा मोठा भाग गुजरातला गेला, तलासरीकडची गावं महाराष्ट्रात राहिली. वरोली नदीला मात्र ही रेघ ठाऊक नाही. ती तलासरीतून वाहत जाऊन गुजरातमध्ये समुद्राला मिळते. म्हणजे इकडचा डोंगर बोडका झाला, तर गाळ तिकडे जाणार.

मग आत्ताच चर्चा का?

कारण या पट्ट्यात एकाच वेळी एक्स्प्रेसवे, बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदर येतंय. बुलेट ट्रेनसाठी पालघर जिल्ह्यात सात डोंगरी बोगदे आहेत. सीमेपलीकडे झरोलीजवळचा 350 मीटरचा बोगदा ऑक्टोबर 2023 मध्येच खोदून झाला. बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. त्याची लाटा अडवणारी भिंत 10 किलोमीटरहून लांब असेल. भराव वाळूचा असला तरी अशा भिंतीला दगड लागतो. आणि दगड जितका जवळ, तितका स्वस्त.

जमीन हादरते, त्याचं काय?

नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी, दापचरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. लोक थंडीत घराबाहेर झोपले. असे धक्के छोटे असतात, पण कुडाच्या आणि कच्च्या विटांच्या घरांना तेवढेही पुरतात. त्यामुळे इथे सुरुंगाचा आवाज झाला, की आधी भूकंपच आठवतो.

कायदा काय सांगतो?

केंद्राने 20 जून 1991 ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. उद्योगांसाठी कमाल 500 एकर ठरले. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. याच प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता. जुलै 2023 मध्ये त्यानेच, नव्या अध्यक्षांच्या काळात, अटींसह परवानगी दिली.

पण दगडखाणीचा प्रश्न फक्त दिल्लीत किंवा मुंबईत सुटत नाही. डहाणू आणि तलासरी दोन्ही अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्यानुसार गौण खनिजाच्या खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते.

म्हणून पुढच्या वेळी एखादा डोंगर अर्धा कापलेला दिसला, तर फोटो जरूर टाका. सोबत एक प्रश्नही विचारा: या गावाची ग्रामसभा कधी झाली आणि तिने काय ठरवलं?